बनुबाईची पायरी

बनुबाईचा बाप माणदेशातला, म्हसवडच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. लेकीला कृष्णाकाठचं स्थळ सांगून आलं तेव्हा त्यानं जमीन किती, गोठ्यात काय, मुलाला व्यसन आहे का, यातलं काहीएक विचारलं नाही. एवढंच विचारलं, "नदीला उनाळ्यात पाणी असतंय न्हवं?" असतंय म्हटल्याबरोबर त्यानं सुपारी फोडली. ही गोष्ट बनुबाई स्वतःच सांगायची आणि सांगून झाली की स्वतःच हसायची. "माज्या बानं माजं लगीन नवऱ्यासंगं न्हाई, किष्नामाईसंगं लावलं," म्हणायची. नवरा तिथंच उंबऱ्यावर तंबाखू मळत बसलेला असायचा. तोही हसायचा.

मी त्या गावची नव्हे. मी वाईची, चारुलता. आमचे हे हिंगणवाडीच्या शाळेत मास्तर म्हणून लागले आणि एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि भरपूर नाराजी घेऊन मी त्यांच्या मागोमाग आले. हिंगणवाडी सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या अगदी कडेला. ऊस, थोडी हळद आणि जवळजवळ प्रत्येक घरातला एक माणूस पलटणीत. गावाला दगडी घाट होता. तो कुणी बांधला हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येक घराला तो आपल्याच पूर्वजानं बांधला असं वाटायचं. मला वाईच्या घाटांची सवय. तो घाट बघून मी नाक मुरडलं आणि ते बनुबाईनं पाहिलं. "मास्तरीणबाई, पाणी त्येच हाय," ती म्हणाली. "तुमच्या वाईवरनंच आलंय." तेव्हापासून आमची गट्टी जमली.

घागर भरून झाली की ती लगेच उचलायची नाही. आधी अगदी शेवटच्या पायरीवर टेकायची, लुगडं वर सारायची आणि पाय पाण्यात सोडून बसायची. बोलायची नाही, कुणाकडे बघायची नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की तिची पायरीही चढायची, उन्हाळ्यात उतरलं की उतरायची. पाण्याला लागून असेल ती बनुबाईची पायरी, हे सगळ्या गावाला माहीत. शेजारी कुणी टेकायला गेलं तर ती मान न वळवता म्हणायची, "तिकडं सर. घाट काय एवढाच हाय?"

मी गावात आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा तापानं गेला. मुलगा कृष्णात पलटणीतच होता. रजेवर आला तेव्हा बनुबाईनं घाईघाईनं त्याचं लग्न उरकलं. मुलगी सांगलीची, शकुंतला. तिचे वडील हळदीच्या वखारीत दिवाणजी होते. चार इयत्ता शिकलेली, नाजूक हाडापेराची, बोलायला गोड. अंगावरची हळद फिटली न फिटली तोच कृष्णातला बोलावणं आलं आणि तो आगबोटीत बसून इटलीकडे लढाईवर गेला. घरात दोघीच राहिल्या. शकुंतला कृष्णातची पत्रं वाचून दाखवायची, बनुबाई ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. शकुंतलेला भाकरी थापता येत नव्हती. ती शिकली. शेण काढता येत नव्हतं. तेही शिकली. सासूच्या डोक्याला तेल घालताना ती इतकी हळू हात फिरवायची की मला आपलं वाटायचं, ही पोर कुणा परक्याची मौल्यवान वस्तू हाताळतेय. तिला एकच धास्ती होती. नवरा परत येईल तेव्हा त्याच्या आईनं म्हणायला हवं, की तुझ्या बायकोनं मला सुखात ठेवलं. हे तिनं मला एकदा चुलीपाशी बसून सांगितलं होतं, आणि सांगताना तिचे डोळे भरले होते.

अशात चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात प्रोफेसर शेंडे आले.

सांगलीच्या एका कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवायचे. काडीसारखे बारीक, बगलेत छत्री, खिशात सुपारीची डबी, आणि मनानं लोण्यासारखे. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या शास्त्रातल्या लोकांनी आजवर वेड, भय, दुःख यांचाच अभ्यास केला. जो माणूस बरा आहे, धडधाकट आहे, त्याला कुणी विचारलंच नाही की बाबा रे, तू सुखी आहेस का, आणि असलास तर कशानं. ते त्यांना विचारायचं होतं. तेही शहरात नव्हे, खेड्यात. कारण खेड्यातला माणूस सुखी असतो असं शहरातला प्रत्येक जण म्हणतो, पण त्या खेडुताला कुणी विचारत नाही. मला हे बोलणं आवडलं. मला स्वतःला अडीच वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं.

ते दिवस भूमिगतांचे. गावात परका माणूस कागद घेऊन शिरला की तो पोलिसांचाच धरला जायचा. म्हणून प्रोफेसर मास्तरांना घेऊन पुरुषांकडे जाणार आणि बायकांकडे मी जाणार, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी घरोघर जाऊन विचारलं, "तुम्ही सुखी आहात का?" सगळ्या बायकांनी एकच उत्तर दिलं, "बरं हाय." जिचा जावई नुकताच चांगल्या नोकरीला लागला होता तीही म्हणाली, बरं हाय. रंगुबाईची दुभती म्हैस त्याच सकाळी मेली होती, ती डोळे पुसत म्हणाली, "बरं हाय म्हणायचं." सुखी आहे म्हणावं तर दृष्ट लागते, नाही म्हणावं तर घराण्याची अब्रू जाते. संध्याकाळी माझ्याकडं 'बरं हाय'चा ढीग जमला आणि प्रोफेसर कपाळाला हात लावून बसले.

पण माणूस हार मानणारा नव्हता. रात्रीतून त्यांनी एका पुठ्ठ्यावर घाटाचं चित्र काढलं. खाली पाण्याच्या लाटा, वर पिंपळ, मध्ये पायऱ्या. सकाळी ते मला म्हणाले, "चारुलताबाई, आता असं विचारा. हा घाट म्हणजे तुमचं आयुष्य समजा. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात?"

"वरची पायरी चांगली की खालची, ते सांगायचं ना?" मी विचारलं.

"अजिबात नाही. चढणं म्हणजे बरं होत जाणं, हे लहान मुलालाही कळतं. आणि आपण सांगितलं तर उत्तर आपणच त्यांच्या तोंडात घातल्यासारखं होईल. फक्त विचारा आणि लिहून घ्या. 'का' असं विचारायचं नाही. का म्हटलं की माणूस सारवासारव करायला लागतो."

मला कुणी 'फक्त विचारा, बोलू नका' म्हटलं की जिभेला खाज सुटते. पण शास्त्र त्यांचं होतं. मी पुठ्ठा घेऊन निघाले.

पुरुषांकडे पहिल्याच घरी घोटाळा झाला. प्रोफेसरांनी म्हाताऱ्या ज्योतिबाला विचारलं, तुमची पायरी कोणती? म्हातारा ताडकन उठला. "आमची पायरी काढता व्हय? आमच्या दारात यिऊन?" मास्तरांनी मध्ये पडून, चहा पाजून त्याला खाली बसवलं. बायकांकडे मात्र पुठ्ठा चालला. बायका चित्रावर बोट ठेवून खुदकन हसायच्या, एकमेकींकडे बघायच्या, आणि कुठल्या तरी पायरीवर बोट टेकवायच्या. 

बनुबाईच्या घरी मी आधी शकुंतलेला परसात गाठलं. तिनं चित्राकडे बघितलं, लाजली, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, पिंपळाखाली बोट ठेवलं. मग मी सोप्यात येऊन बनुबाईपुढे पुठ्ठा धरला. तिनं क्षणाचाही विचार केला नाही. थेट पाण्याला लागून असलेल्या पायरीवर बोट ठेवलं. "ही. आनी कंची?" तिला तो प्रश्नच अगदी बावळट वाटला. मी लिहून घेतलं.

प्रोफेसरांना मी सांगितलं, की ही बाई रोज तिथंच बसते, तिनं आपली रोजची जागा दाखवली असेल. त्यांनी मान हलवली. "तेच तर! भरल्या घरातली बाई रोज घाटाच्या तळाशी एकटी बसते, कुणाला शेजारी बसू देत नाही. दुःखी माणूसच असा एकांत शोधतो, चारुलताबाई." मी वाद घातला, पण माझ्याकडे वादापलीकडे पुरावा नव्हता, आणि त्यांच्याकडे पुठ्ठा होता.

त्या आठवड्यात घाटावर पाणी कमी आणि पायऱ्यांची चर्चा जास्त. तू कुठली सांगितलीस, मी कुठली सांगितली, आणि तिची माझ्यापेक्षा वर कशी. ज्या बायकांनी आयुष्यात कधी आपण सुखी की दुःखी याचा विचार केला नव्हता त्या घागरी तशाच ठेवून विचार करायला लागल्या. बनुबाईनंही घरी सुनेला विचारलं. शकुंतला म्हणाली, "सगळ्यांत वरची, आत्याबाई." बनुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

पण दुसऱ्या दिवसापासून तिचं वागणं पालटलं. शकुंतला घागर घ्यायला गेली की बनुबाई तिच्या हातातून काढून घ्यायची. "ऱ्हाऊ दे. मी आणते." शेण काढायला गेली की, "तू नगं. तुजं काम न्हवं त्ये." तेल घालायला बसली की, "आज नगं." आवाज चढलेला नाही, शब्द वाकडा नाही. फक्त एकेक काम सुनेच्या हातून हळूच काढून घेणं चाललेलं. शकुंतला माझ्याकडे येऊन म्हणाली, "माझ्या हातचं पाणीसुद्धा नको झालंय त्यांना." मी म्हटलं, अगं, जीव लावतात तुला, आराम देतायत. तिनं मान हलवली. ज्या घरात आपल्याला एकही काम उरलं नाही त्या घरात आपण पाहुणे असतो, हे तिनं न सांगताही मला कळत होतं. मीही एका गावची सून होते.

त्यातच प्रोफेसरांनी गावाचे आभार मानायला मारुतीच्या देवळात सभा घेतली. हेतू चांगला होता. माझा त्यांच्यावर आजही राग नाही. पण चांगल्या हेतूची माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत. नाव न घेता ते म्हणाले, "या गावात एक माउली आहे. खाऊनपिऊन घर सुखी, मुलगा मर्दासारखा लढाईवर, घरात सून. आणि तरी ती म्हणते, मी सगळ्यांत तळाच्या पायरीवर आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या मनात काय चाललंय, हे आपण कधी विचारतो का?" नाव घेतलं नाही म्हणून काय झालं? सगळ्या देवळानं माना वळवून शकुंतलेकडे बघितलं. बनुबाई सभेला आली नव्हती, तिला सभा आवडायच्या नाहीत. शकुंतला मात्र पुढच्याच रांगेत बसली होती. तिनं पदर सारखा केला, उठली, आणि निघून गेली.

त्या रात्री ती रडली असेल नसेल, मला ठाऊक नाही. तिनं सांगलीला निरोप मात्र पाठवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ लालासाहेब बैलगाडी घेऊन आला. सांगलीची वाट घाटाच्या माथ्यावरून जाते. पिंपळाखाली गाडी उभी राहिली, बैलांपुढे वैरण पडली, आणि गाडीत शकुंतलेची पत्र्याची पेटी चढली.

मी घाटावर कपडे घेऊन गेले होते. बघते तर शकुंतला घागर घेऊन पायऱ्या उतरतेय. मी तिला मध्येच गाठलं. ती हळू आवाजात म्हणाली, "घरातलं पाणी भरून मग जाते. रिकाम्या घागरी टाकून कशी जाऊ?" मग माझा हात धरून तिनं विचारलं, "तुम्हीच लिहून घेतलंत ना? खरंच त्या तळाची पायरी म्हणाल्या? माझ्याबद्दल काही बोलल्या का?" आणि मग जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "मी पुष्कळ केलं हो. पण त्यांना सुख देणं मला जमलं नाही. ते आले तर त्यांना मी काय तोंड दाखवू?"

खाली बनुबाई आपल्या पायरीवर बसली होती. पाठ आमच्याकडे, पाय पाण्यात. वर गाडी उभी आहे, हे तिला नक्की दिसलं होतं. ती वळली नाही.

माझं टाळकं सरकलं. एक वर जायला निघालीय, दुसरी खाली बसून राहिलीय, आणि दोघींच्या मध्ये मी ओल्या कपड्यांचा पिळा घेऊन उभी. मी शकुंतलेला मनगटाला धरून खाली नेलं आणि प्रोफेसरांचा नियम त्या सकाळी घाटावर मोडला.

"बनुबाई," मी म्हटलं, "मी तुम्हाला पायरी विचारली तेव्हा तुम्ही ही सांगितलीत. का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "का म्हंजी?"

"का म्हणजे का. तळाची का?"

"मग काय वरची सांगू?" तिला खरंच कळेना. "मास्तरीणबाई, आमच्या माणात पाण्याला जायाचं म्हंजी बारवंत उतरायचं. आत खोल. खाली सावली, गारवा, पाणी. पाय बुडवून जरा बसायचं, तेवढाच आमचा इसावा. मग घागर डोईवर घ्यायची आन् वर चढायचं. जसं वर जावं तसं ऊन. माथ्यावर पोचली की तोंडाला फेस. आन् तितनं म्होरं वस्तीपातूर अनवाणी. मी ल्हानपणी देवाला म्हणायची, मला हितंच ठेव रं बाबा, खाली, पाण्यापाशी. त्येनं ऐकलं. हितं दिलं माज्या बानं. मालक गेला, पोरगा लढाईवर, पर देवाच्या दयेनं घर हाय, सून हाय, आन् पाण्यात पाय हाईत. म्हनून म्हणाले, तळची. तुमी तर इचारलंत आता कुटं हाईस. मी हितंच हाय की."

शकुंतलेची घागर हातातून सुटून पायरीवर आपटली. तांब्याचा ठणठण आवाज झाला.

"मग मला काम का करू दिलं नाहीत?" ती म्हणाली. "पाणी आणू दिलं नाहीत, तेल घालू दिलं नाहीत..."

बनुबाई आता वळली. तिचा चेहरा मी तोवर असा कधी पाहिला नव्हता. नवरा गेला तेव्हाही नाही. "तू म्हणालीस न्हवं, वरच्या पायरीवर हाय म्हनून? वरच्या पायरीवर कोन असतं? यक तर डोईवर वझं घिऊन दमलेलं, न्हाईतर गाव सोडून निगालेलं. मला वाटलं, पोर लय दमलीया. सांगलीची नाजूक पोर, माज्या घरात तिच्या मानंवर वझं झालंय. म्हनून म्हटलं, घागर तरी मी घ्यावी. आन् आज गाडी बघितली तवा म्हटलं, न्हाई. दमली न्हवती. निगालीच व्हती."

"आत्याबाई, वरची म्हणजे मी सगळ्यांत सुखात आहे, असं मी सांगितलं होतं!"

"मग तसं म्हनायचं! वर काय सुख हाय? वर पिंपळ हाय आन् त्यावर भूत हाय!"

मला आधी हसू आलं आणि मग हुंदका. दोघींना मी चांगलंच फैलावर घेतलं. एका चुलीवर जेवता, एका घोंगडीवर झोपता, आणि एकमेकींना सरळ विचारायला तोंडं शिवली होती का, म्हटलं. दोघीही खाली मान घालून ऐकत राहिल्या. माझं बोलून संपल्यावर बनुबाई पायरीवर डावीकडे सरकली. हातभर जागा झाली. अडीच वर्षांत त्या पायरीवर तिनं कुणासाठी जागा केलेली मी पाहिली नव्हती. शकुंतला बसली. पाणी गार होतं, तिनं पाय बुडवले आणि लगेच वर घेतले. "ऱ्हाऊ दे," बनुबाई म्हणाली, "व्हतंय सवयीनं."

लालासाहेबाला दही-भाकरी खाऊन रिकामी गाडी परत न्यावी लागली. त्यानं कारण विचारलं. त्याला पायऱ्यांची भानगड समजावून सांगता सांगता मास्तर थकले, आणि अखेर तो म्हणाला, "म्हणजे भांडण झालं नव्हतं?" नव्हतं. "मग मला बोलावलं कशाला?" हे त्याला कोण सांगणार? 

प्रोफेसर पुन्हा आले तेव्हा मी त्यांना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील, नाहीतर खट्टू होतील. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "म्हणजे अर्ध्या गावाची उत्तरं उलटी आहेत." मी म्हटलं, "अर्ध्या गावाची की पाऊण गावाची, ते तुम्ही शोधा." आणि त्यांनी खरंच शोधलं. पुन्हा घरोघर फिरले, या वेळी 'का' विचारत. कुणी वरची पायरी सांगितली होती कारण तिथून नवऱ्याची वाट दिसते. कुणी मधली, कारण धुणं तिथं बडवतात. तात्याबा म्हणाला, "मी घाटावर नस्तोच, मी मळ्यात असतो," आणि त्यापुढं हलायला तयार होईना. प्रोफेसर एक दिवस स्वतः धोतर वर खोचून बनुबाईच्या पायरीपासून जरा लांब पाण्यात पाय सोडून बसले. उठताना मला म्हणाले, "चारुलताबाई, मी माणसाच्या सुखाला उंची असते असं धरून चाललो होतो." पुढं काही म्हणतील म्हणून मी थांबले, पण ते छत्री शोधत होते.

त्यांनी पुढे काय लिहिलं, छापलं की नाही, मला ठाऊक नाही. पण आमच्या बोलण्यात ती रीत कायमची राहिली. बनुबाईच्या घरी गेलं आणि शकुंतला सांदीत गप्प बसलेली दिसली की बनुबाई विचारायची, "कंच्या पायरीवर हाईस गं?" आणि ती "वरच्या" म्हणाली की लगेच पुढचा प्रश्न, "तुज्या वरच्या का माज्या वरच्या?" मग दोघी हसायच्या. पत्र महिनाभर आलं नाही की मात्र कुणीच काही विचारायचं नाही. तेव्हा दोघी संध्याकाळी खाली जाऊन शेजारी शेजारी बसायच्या.

लढाई संपली तरी कृष्णात लगेच आला नाही. पलटणी टप्प्याटप्प्यानं सुटत होत्या. आज येईल, उद्या येईल करत शेहेचाळीसचा उन्हाळा आला. नदी आटून पार खाली गेली होती, घाट लांबलचक उघडा पडला होता, आणि बनुबाईची पायरी शेवाळलेल्या दगडांपर्यंत उतरली होती. एके दिवशी सकाळी आम्ही तिघीही घाटावर होतो. त्या दोघी खाली, मी जरा वर, कपडे आपटत.

"आये!"

पिंपळाखालून हाक आली. मी वर बघितलं. खाकी कपडे, खांद्यावर वळकटी, पायात बूट, उन्हानं काळवंडलेला एक माणूस घाटाच्या माथ्यावर उभा होता. शकुंतला उभी राहिली आणि तिथंच थबकली. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मुलगा लढाईवरून आला की आधी आईनं पुढं जायचं, भाकरतुकडा ओवाळायचा, सुनेनं मागं दाराआड राहायचं, अशी आमच्याकडची रीत. ती सासूसाठी बाजूला झाली आणि वाट बघत राहिली.

बनुबाई उठली नाही. तिच्या पायांभोवतीचं पाणी हलत होतं, मला वरून दिसत होतं. तिनं हात वर करून सुनेच्या कमरेला हलकेच धक्का दिला. "जा," म्हणाली. "तू जा आदी."

"आत्याबाई, तुम्ही..."

"मी हितं हाय. जा गं." आणि शकुंतला दोन पायऱ्या चढली असेल, तोच बनुबाई मागून म्हणाली, "पर वरच थांबू नगंस. त्याला खाली घिऊन ये."

शकुंतला आधी चालत गेली, मग पळत. वर पिंपळाखाली दोघं एकमेकांपुढं उभी राहिली, अंतर राखून, सगळा गाव बघत असल्यासारखी. मग ती पुढं आणि तो मागं, असे उतरायला लागले. बुटांचा खाडखाड आवाज दगडांवर येत होता. बनुबाई अजून मागं वळली नव्हती. ती पाण्याकडे बघत होती आणि पदरानं पुन्हा पुन्हा तोंड पुसत होती.

कृष्णात तिच्यापाशी आला, वळकटी खाली टाकली आणि पाया पडायला वाकला. तिचे पाय पाण्यात होते. त्यानं मनगटापर्यंत हात पाण्यात घातले आणि तिच्या पावलांना लावले. बनुबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ती डावीकडे सरकली, शकुंतलेला उजवीकडे बसायला खूण केली, आणि मध्ये जागा झाली.

"बूट काड," ती म्हणाली, "आन् बस हितं."